लालबागेत चाटलेला गोंद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या गटातल्या कुणाला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. माझा मात्र तुम्ही पाहिला असेल. इंदूरमध्ये असाल तर कधी ना कधी कुणीतरी तो व्हिडिओ तुम्हाला पाठवला असेल: लालबागच्या मैदानावर मेळा भरलाय, एक पोरगी स्टीलच्या वाटीतला गोंद बोटाने काढून चाटते, आणि लोक टाळ्या वाजवतात.

ती मी.

अजूनही रस्त्यात कुणी थांबवतं — ‘दीदी, वो गोंद वाली आप ही हो ना?’ मी हो म्हणते. काय म्हणणार?

मी पत्रकं लिहिते, आमच्या चळवळीच्या गटासाठी. कॉलेजात असल्यापासून लिहिते. एक कागद, दोन्ही बाजू, ठळक अक्षरं — तेवढ्यात कुणालाही उभं-आडवं घेता येतं मला. या कामात पहिली गोष्ट शिकतो आपण ती अशी की वाक्य छोटं ठेवायचं आणि ‘पण’ काढून टाकायचा. ‘पण’ आला की वाचणारा निसटतो. इतक्या वर्षांत मी इतके ‘पण’ काढले, की आता हे लिहिताना ते एकेक करून परत येताहेत. येऊ देत.

गोष्ट प्लायवूडची आहे. हसू नका. नवं कपाट उघडल्यावर डोळ्यांत चुरचुरतं, तो वास आठवतो ना? कौतुकाने ‘नव्याचा वास’ म्हणतो आपण. तो गोंदाचा वास. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवले की प्लाय होतो, आणि चिकटवायला जो नेहमीचा स्वस्त गोंद वापरतात त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू घरात येत राहतो — महिनोन्‌महिने. आमच्या तुकोगंजच्या फ्लॅटमध्ये बाबा रिटायर झाल्यावर सगळं फर्निचर नवं केलं होतं. आईला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, खिडक्या उघड्या ठेवा. शेवटी आई-बाबा दादाकडे पुण्याला गेले आणि तिथे खोकला थांबला. मी इथेच राहिले. तीन खोल्या, चार कपाटं, आणि मी.

संतापायला कारण हवंच होतं मला. ते घरातच उभं होतं.

पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या भागात विनयभियांचा — इंदुरात भैयाला ‘भिया’ म्हणतात — छोटा कारखाना आहे — दरवाजे आणि प्लायचे बोर्ड बनवतात. ते सोयाबीनचा गोंद करून बघत होते. आपल्या माळव्यात सोयाबीन काय कमी आहे? तेल काढून झालं की उरलेल्या पेंडीचं पीठ करायचं, पाण्यात कालवायचं, त्यात चुना आणि कॉस्टिक सोडा घालायचा. दाट, पिवळसर, चिकट असा लगदा होतो. तो पापुद्र्यांना लावून गरम दाबयंत्रात दाबला की प्लाय तयार. वाळल्यावर त्या बोर्डातून तो विषारी वायू येत नाही. हे खरं आहे. आजही मी ते कुणाशीही भांडून सांगेन.

गोंद कालवायचं काम शकू मावशीकडे होतं. पन्नाशीची बाई, माहेर बऱ्हाणपूरकडचं, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी — आमच्यासारखंच. तिच्या कामाला एक पद्धत होती. आधी पाणी, मग पीठ, मग चुना, आणि सगळ्यात शेवटी कॉस्टिक — तोंड बाजूला करून, हळूहळू. कोपरापर्यंत केशरी रबरी हातमोजे. शेजारी ताकाची बाटली, कारण थेंब उडालाच तर वर ताक ओतायचं हे तिचं तिने शोधून काढलेलं. लाकडी दांडा वर उचलायचा आणि बघायचं. ‘तार धरली पाहिजे,’ ती म्हणायची, ‘पाकासारखी. तुटली तर कच्चा, लोंबली तर गेला.’ दिवसातून दोनदा ताजा गोंद करावा लागे; सकाळचा जेवणाच्या सुट्टीनंतर चालत नसे. हे सगळं विनयभियांनाही तिच्याइतकं कळत नव्हतं.

मी तिथे माहिती गोळा करायला गेले आणि जातच राहिले. का, ते सांगते. दुपारी ती डबा उघडायची आणि माझ्यापुढे झाकणात भाजी वाढायची. दिवसभरात मी कुणाबरोबर बसून खाल्लेलं ते एकच जेवण असायचं. संध्याकाळी आईचा फोन यायचा, ‘जेवलीस का?’ — आणि हो म्हणताना मला त्या झाकणातली भाजीच आठवायची.

बघा, मी अजून मुद्द्यावर आलेले नाही. पत्रकात असं चालत नाही.

माझ्या पत्रकातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य होतं — ‘तुमचं कपाट ज्या गोंदाने चिकटवलंय, तो दुकानदार चाटून दाखवेल का?’ प्लायच्या दुकानदारांना ते भलतंच झोंबलं. गटातल्या सगळ्यांनी पाठ थोपटली. मेळ्यात आमचा स्टॉल लागणार ठरलं तेव्हाच मला कळलं होतं की कुणीतरी उलटून विचारणार: मग तू चाट. म्हणून चार दिवस आधी, डबा खाता खाता, मी मावशीला सहज विचारल्यासारखं विचारलं — आपला गोंद जिभेला लावला तर?

ती इतकी हसली की ठसका लागला. ‘जीभ जाईल ना दीदी! कॉस्टिक आहे त्यात. भाषण कशाने देशील मग?’

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लिहून ठेवते. मला माहीत होतं.

मेळ्याच्या दिवशी सकाळी मी माझ्या स्वयंपाकघरात सोयाबीनचं पीठ नुसत्या पाण्यात शिजवलं. चुना नाही, कॉस्टिक नाही. रंग फिका आला म्हणून चिमूटभर हळद टाकली. ते एका वाटीत भरलं, झाकण लावलं आणि स्टॉलवर मावशीच्या गोंदाच्या बादलीमागे ठेवून दिलं. दुपारी एक दुकानदार आलाच, चारजणांना घेऊन. पोट सुटलेला, गमत्या माणूस. मला तर तो त्या क्षणी आवडलाही होता. ‘दीदी, इतना शुद्ध है तो आप ही चाट लो ना! हम भी देखें!’ लोक हसले. कुणीतरी फोन वर धरला. मी बादलीमागे वाकले, वाटी काढली, बोट बुडवलं आणि चाटलं.

कच्च्या पिठाची चव होती. टाळ्या पडल्या. दुकानदारानेही वाजवल्या.

तुम्ही म्हणाल — एवढंच? स्टॉलवरची एक थाप? मीही बरेच दिवस तसंच म्हणत होते. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले तर व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. विनयभिया खूश होते, सकाळपासून फोन वाजत होते, बोर्डांची मागणी येत होती. मावशीने मात्र नेहमीसारखा डबा उघडला, झाकणात वाढलं, आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं — ‘दीदी, त्या वाटीत काय होतं?’

तिने विचारलं होतं. लक्षात घ्या. अख्ख्या इंदूरमध्ये एकाच माणसाला तो प्रश्न पडला, आणि तिने तो फक्त मला, हळूच, जेवताना विचारला. खरं सांगितलं असतं तर ती परत ठसका लागेपर्यंत हसली असती. कुणाला बोललीही नसती. मला ते तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी म्हटलं —

‘तुमचाच गोंद, मावशी. घट्ट झाला की कॉस्टिकचा जोर उतरतो.’

कुठून आलं ते वाक्य? कुठेच वाचलेलं नव्हतं. छोटं होतं, ठाम होतं, त्यात ‘पण’ नव्हता. पत्रकातलं वाटावं असं. विनयभिया दारात उभे होते, त्यांनीही ऐकलं. मावशीने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, ‘असेल. आम्ही अडाणी. आम्हाला वाटायचं, जळतो.’

तिला माहीत असलेली गोष्ट मी तिच्याकडून काढून घेतली. तीन वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी, हातांनी शिकलेली. माझ्या एका वाक्यापुढे तिने ती सोडून दिली, कारण मी शिकलेली, मी दीदी, आणि मी चाटला होता.

मग नवं पत्रक निघालं. त्याला फोटो हवा होता. मला चित्र सुचलं ते असं की गोंदात बुडवलेले उघडे हात, वर काढलेले, बोटांवरून तार लोंबतेय. बाईचे हात, कामाचे हात. मी म्हटलं, मावशी, हातमोजे काढा ना दोन मिनिटं. ‘दस्ताने काढू?’ तिने विचारलं. तेही दोनदा. मग काढले. मी ते माझ्याकडे घेतले आणि फोनने फोटो काढले. दोन मिनिटं म्हटलं होतं. उजेड नीट येईना म्हणून जास्त लागली. झाल्यावर तिने डब्याकडचं ताक दोन्ही हातांवर ओतलं. मी पाहिलं. तिने दात आवळलेले पाहिले. ‘थोडं चुरचुरतं,’ ती म्हणाली, ‘सवय नाही ना.’

पत्रकाच्या पहिल्या खर्ड्यात खाली एक ओळ होती — ‘ओला गोंद हाताळताना हातमोजे घालावेत.’ मीच लिहिली होती. नंतर मीच काढली. दुकानदार ती ओळ दाखवत फिरतील, असं मनात आलं. तिच्या जागी मोठ्या अक्षरांत घातलं — ‘घाबरू नका. हा गोंद हातांनी मळता येतो.’ वर मावशीचे हात.

हातमोजे माझ्या झोळीतच राहिले. द्यायचे राहून गेले.

मागणी वाढली तसा गोंद दोनदाऐवजी दिवसातून चारदा होऊ लागला. विनयभियांनी नवे हातमोजे आणले नाहीत. आणायला हवे होते, कॉस्टिकच्या गोणीवर हाताचं चित्र आणि फुली छापलेली असते. त्यांच्याबद्दल एक तिखट पत्रक लिहिता येईल मला, आत्ता, या बैठकीत. पण त्यांनीही माझंच वाक्य ऐकलं होतं. भिंतीवर माझंच पत्रक लावलं होतं त्यांनी, बादलीच्या बरोबर वर.

उन्हाळा संपेतो मावशीचे हात बदलले. आधी लाल झाले, मग सोलले, मग गुळगुळीत आणि चकचकीत — जुन्या साबणाच्या वडीसारखे. बोटांच्या पेरांवर चिरा. डब्याचं झाकण उघडताना ती मनगटांनी दाबून धरायची. एक दिवस मीच झाकण उघडून दिलं, तेव्हा तिने विचारलं. रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

‘तू तर चाटला होतास दीदी. जिभेला काही झालं नाही. मग माझ्याच हातांना का?’

तुम्ही काय म्हणाला असता? खरंच विचारतेय. मी काय म्हटलं ते सांगते. मी म्हटलं, ‘तुमची कातडीच नाजूक असेल, मावशी. काहींना ॲलर्जी असते.’

ती हसली. ‘माझी कातडी नाजूक!’ म्हणाली. ‘हे आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हटलं.’

त्या दिवशी मी घरी आले. दुपारचे तीन वाजले होते, घरात कडक ऊन, चारही कपाटं बंद. बोलायला कुणी नव्हतं हे खरं. पण मला कुणी नको होतं हेही खरं. कुणी समोर असतं तर नाजूक कातडीचं ते वाक्य मला माझ्याच तोंडून परत ऐकावं लागलं असतं. गटात मी कमी जाऊ लागले. आईशी फोनवर हवापाण्याचं बोलायचे. आणि पोलोग्राउंडला जेवायच्या वेळेनंतर जायची सवय लावून घेतली. मावशी दोन-तीन दिवस झाकणात भाजी काढून ठेवत होती, असं नंतर कळलं.

मग तिला गोंदावरून काढून झाडलोटीला लावलं. आणि त्यानंतर रेशनच्या दुकानात मशीन तिचा अंगठा घेईना. उजवा नाही, डावा नाही. दहाही बोटं लावून झाली. रेषाच उरल्या नव्हत्या. तिने मला फोन केला. मलाच. ‘मशीन म्हणते मी कोणीच नाही,’ असं हसत हसत सांगितलं.

आता ऐका मी काय केलं ते. मी धावून गेले. रेशनच्या दुकानदाराशी भांडले, रेशनच्या ऑफिसात तिच्यासोबत चार खेपा घातल्या, साहेबाच्या टेबलावर हात आपटला. आणि पत्रक लिहिलं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक, असं सगळे म्हणतात. ‘कष्ट करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना हे मशीन माणूस मानत नाही.’ तिच्या अंगठ्याचा फोटो वर. पुन्हा तिचेच हात, पुन्हा माझंच पत्रक. कष्ट करून झिजल्या, असं मी लिहिलं. कशाने झिजल्या ते लिहिलं नाही. त्या कागदावरचा संताप खोटा नव्हता — हेच मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतं. खरोखर संतापले होते मी. मशीनवर.

अंगठ्याऐवजी दुसऱ्या पद्धतीने तिचं धान्य सुरू झालं. त्या दिवशी तिने ते गुळगुळीत हात माझ्या गालांवर फिरवले आणि म्हणाली, ‘तू होतीस म्हणून.’

हो. मी होते म्हणून.

आता ती देवासला मुलीकडे असते. सणावाराला तिचा फोन येतो. मी उचलते, बोलते. दरवेळी ठरवते, आज. दरवेळी ती आधी विचारते, ‘काय खाल्लंस? एकटीच असतेस ना?’ आणि माझं राहून जातं. तुम्हाला सांगितलं आणि तिला नाही, हाही भित्रेपणाच आहे. तुमच्याकडून मला काही नको. धीर देऊ नका, शिव्याही घालू नका.

फक्त एक गोष्ट मघाशी चुकीची लिहिली, ती दुरुस्त करते. हातमोजे द्यायचे राहून गेले, असं मी लिहिलं. राहून गेले नव्हते. फोटोच्या दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं होतं — ‘दीदी, माझे दस्ताने तुझ्याकडे राहिले काय?’ झोळी माझ्या खांद्यालाच होती. मी म्हटलं, ‘आता कशाला लागतात, मावशी?’ आणि दोघी हसलो.

ते अजून माझ्याकडे आहेत, त्या चारातल्याच एका कपाटात. परवा बाहेर काढले. उजव्याच्या अंगठ्याला आतून एक ठिगळ आहे, सायकलच्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा, कडा घासून नीट चिकटवलेला. गोंद कुठून आत येतो, कुठे जळतो, तिने शोधलं होतं आणि तेवढी जागा बंद करून घेतली होती.

मी तिथे जाण्याआधी तिला सगळं ठाऊक होतं.